दिवा लागला की हात मागे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस,

सविनय नमस्कार.

तुम्ही पाठवलेला लॅपटॉप सुखरूप पोहोचला. खोक्यात चारही बाजूंनी जुने स्वेटर कोंबलेले असल्यामुळे त्याला ओरखडाही आलेला नाही. त्यांतला करडा स्वेटर आईने लगेच ओळखला. तो तिनेच विणला होता आणि तुम्ही तो कोपर फाटेपर्यंत वापरलात, याचा तिला फार आनंद झाला आहे. यंत्रात दोष म्हणावा असे एवढेच, की झाकण उघडताना डावे बिजागर किंचित कुरकुरते.

आभार मानण्यासाठी मी याआधी दोन मसुदे केले. दोन्ही शाळेच्या निरोप समारंभातल्या भाषणासारखे झाले, म्हणून फाडून टाकले. आता जसे सुचेल तसे लिहिते. तुम्ही मला विसरला नाहीत, आणि मला नेमके काय लागेल ते न विचारता ओळखलेत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

एक बातमी आहे. एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधनाच्या कामासाठी मी मुलाखत दिली. मी फारसे बोलले नाही, पण संपादकबाईंनी पुढे ठेवलेल्या पानावरच्या सगळ्या चुका मला सापडल्या. त्यांची एकच अट आहे. छापायची पाने सकाळी ई-मेलने येतील आणि ती दुपारच्या आत तपासून परत गेली पाहिजेत. एक मार्चपर्यंत घरी इंटरनेट सुरू झाले तर काम माझे, नाही तर दुसऱ्या उमेदवाराचे. कोपऱ्यावरच्या कॅफेत रोज रांगेत उभे राहणे, आणि पाठीमागून कुणी पडद्याकडे पाहत असताना वाचणे, मला जमणार नाही हे तुम्ही जाणताच.

समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सताईंनी त्यांचे वायफाय वापरायची परवानगी आपणहून दिली आहे. मध्ये सामाईक जिना असल्याने तिथून वायर आणू द्यायला घरमालक तयार नाहीत. आणि तुमच्या लॅपटॉपला वायफाय दिसतच नाही. यंत्रात असे काही उपकरणच नाही, असे तो सांगतो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, ही फुकटची प्रणाली काढून टाका, मी दुसरी घालून देतो. ती त्याने कुठून आणली हे त्याला सांगता येईना, म्हणून मी लॅपटॉप उचलून परत आले.

फोन केला असता, पण फोन कारखान्यात बाबांच्या हाताशी असतो. काय करावे ते कृपया कळवावे.

तुमची पुतणी


१० फेब्रुवारी

अभ्यासूबाई,

तुझं पत्र आधी उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. 'सविनय नमस्कार' मला आजवर फक्त वीजबिलवाल्यांनी घातलाय, आणि तोही थकबाकीच्या पत्रात.

नोकरीचं वाचून इतका खूश झालो, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पानभर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ही मुलगी पत्र लिहिते की निकालपत्र? मी म्हटलं, गप्प बस, आमच्या घरातली पुस्तकांच्या कामाला निघालेली पहिली आहे ती.

आता मुद्द्याचं. यंत्र चांगलं आहे. त्यातली वायफायची चिप आडमुठी आहे. जिथं ती बनली त्यांनी तिच्याशी बोलायचं कसं, हे कुणाला सांगितलंच नाही. मग जगभरातल्या काही माणसांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून, त्या चिपला हजार प्रश्न घालून तिची भाषा काढली, तिच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा दुभाष्या प्रोग्राम, लिहिला आणि सगळ्यांना वाटून टाकला. त्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नाही. गंमत अशी, की तो ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट लागायला तो ड्रायव्हर लागतो. विहिरीत उतरायची शिडी विहिरीच्या तळाशी ठेवल्यातली गत. म्हणून सोबतच्या सीडीत शिडी पाठवतोय.

मागच्या कागदावर तीन आज्ञा लिहिल्या आहेत. काळी खिडकी उघडून त्या जशाच्या तशा टाइप करायच्या. पहिलीनं सीडीवरची फाईल जागेवर जाईल. दुसरीनं ड्रायव्हर जागा होईल, मग वरच्या कोपऱ्यात आसपासच्या वायफायची यादी दिसेल. तिसरी लागली तरच. दुसरी फसली, तर तिसरीनं सगळं मागे घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं.

आणखी एक. लॅपटॉप माझा आहे हे तुझ्या बाबांना सांगू नकोस. मी रंधा खाली ठेवून कॉम्प्युटर शिकायला निघालो, तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. मागच्या वर्षी 'येऊ का' म्हणून चिठ्ठी टाकली होती. तिला उत्तर नाही. 'नको' म्हणाला असता, तरी निदान त्याचं अक्षर दिसलं असतं.

वहिनीला सांग, करडा स्वेटर परत हवाय. तो फक्त उसना दिलाय.

तुझा काका


१५ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस,

सविनय नमस्कार. (वीजबिलवाल्यांच्या पंक्तीत बसायला माझी हरकत नाही.)

सीडी मिळाली. तुमचे सहकारी माझ्या पत्राला निकालपत्र म्हणाले; हे पत्र मात्र नापासाचे आहे.

तुमच्या तिन्ही आज्ञा मी अक्षर न् अक्षर ताडून टाइप केल्या. पहिल्या आज्ञेनंतर फाईल जागेवर गेल्याचे मी स्वतः उघडून पाहिले. मग दुसरी आज्ञा दिली. यंत्र काहीच बोलले नाही. होकार नाही, नकार नाही. कर्सर नुसता खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला. वहीवर बाईंची बरोबरची खूण नसली की उत्तर चुकले, एवढे मला शाळेपासून माहीत आहे.

त्याहून वाईट म्हणजे, त्याच क्षणी लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक नारिंगी दिवा लागला. आपल्या करवतीच्या यंत्रावर अगदी तसाच दिवा आहे. तो लागला की हात मागे घ्यायचे, हे मी अक्षरे गिरवण्याच्या आधी शिकले आहे. मी ताबडतोब तिसरी आज्ञा दिली. दिवा विझला आणि मला हायसे वाटले.

त्यानंतर रोज पहिल्यापासून सुरुवात करते आहे. रोज तेच होते. दुसरी आज्ञा दिली की यंत्र गप्प, आणि दिवा. मी तिसरी आज्ञा आधीच टाइप करून ठेवता येते का तेही पाहिले, म्हणजे दिवा लागताच वेळ जाऊ नये. आता भीती वाटते, की माझ्या या खटपटीने तुमचे यंत्र आतून जळेल. तुम्ही सांगाल तर ते त्याच स्वेटरांत गुंडाळून परत पाठवते. संपादकबाईंना नकार कळवायचे पत्र लिहून ठेवले आहे, अजून टाकलेले नाही.

बाबांबद्दलही सांगायला हवे. काल ते वर आले आणि त्यांना टेबलावर लॅपटॉप दिसला. मी एवढेच म्हणाले, की माझ्या कामासाठी आहे. त्यांनी तो उलटा करून पाहिला. पोटाशी हवेसाठी ज्या फटी आहेत त्यांवरून बोट फिरवले, झाकण एकदा उघडून मिटले आणि खाली गेले. कुणाचा, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी ओळखले असावे, आणि त्यांना राग आला असावा.

तुमची अपयशी पुतणी


२१ फेब्रुवारी

अगं अभ्यासूबाई,

पत्र मिळालं आणि मी एकटाच इतका हसलो, की बाकीचे काम सोडून बघायला आले. रागावू नकोस. चूक माझी आहे, तुझी नाही.

तू नापास झालेली नाहीस. तू रोज पास होत होतीस आणि रोज उठून राजीनामा देत होतीस.

नीट ऐक. ही प्रणाली ज्यांनी घडवली, त्यांचा एक जुना दंडक आहे. काम झालं की बोलायचं नाही. बिघडलं तरच तोंड उघडायचं. 'झालं हो, झालं हो' म्हणून टाळ्या वाजवणं तिच्या स्वभावातच नाही. यंत्र गप्प राहून खालच्या ओळीवर गेलं, म्हणजे ते सांगतंय की झालं, पुढचं बोल. आणि तो नारिंगी दिवा म्हणजे धोका नव्हे. वायफाय जागं झालं की तो लागतो. तो लागावा म्हणून तर ही सगळी धडपड, आणि तू तो दिसला रे दिसला की विझवत बसलीस. यादी यायला थोडा अवधी लागतो, तेवढाही दिला नाहीस त्याला.

हे मला पत्रात लिहायला हवं होतं. सुचलं नाही, कारण सवयीनं आता मला ते दिसेनासंच झालंय. पण दिव्याचं वाचलं आणि एकदम आपल्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो. तो नियम मलाही दादानंच शिकवला. एकदा दिवा लागलेला असताना मी हात पुढे घातला होता, तेव्हा त्यानं मला कॉलर धरून मागे ओढलं. माझी दहाच्या दहा बोटं कीबोर्डवर चालतात, ती त्याच्यामुळे. तेव्हा तुझं काही चुकलं नाही. सुताराच्या घरातली पोर दुसरं काय करणार?

आता असं कर. दुसरी आज्ञा दे. दिवा लागू दे. दोन्ही हात मांडीवर ठेव आणि शाळेतली एखादी लांबलचक कविता मनात म्हण. संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. तिसरी आज्ञा कागदावरून खोडून टाक.

सिग्नल क्षीण आला तर टेबल जिन्याकडच्या भिंतीला घे. तुझ्या खोलीतलं लोखंडी कपाट मध्ये आलं, तर ते लहरी गिळून टाकेल.

दादानं उलटा करून पाहिला म्हणजे ओळखलंच. रागावणारच तो. त्याच्या डोळ्यांसमोर राहणार नाही अशा बेतानं ठेव.

संपादकबाईंचं ते पत्र फाड. आत्ताच फाड. मग पुढचं काम.

तुझा काका


२७ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. आज सविनय पुरेसे नाही.

झाले. तुमच्या सांगण्याप्रमाणे दुसरी आज्ञा दिली, दिवा लागला, आणि मी हात मांडीवर ठेवले. हात मागे घेण्याची सवय इतकी जुनी आहे, की ते मला एकमेकांत अडकवून धरावे लागले. कविता म्हणू लागले. दुसरे कडवे चालू असताना वरच्या कोपऱ्यात यादी उघडली. आमच्या जिन्यात इतक्या जणांकडे वायफाय आहे, आणि त्यांनी त्यांना इतकी विचित्र नावे दिली आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. नर्सताईंचे नाव सर्वांत खाली होते. त्यांचा पासवर्ड म्हणजे एका औषधाचे लांबलचक नाव आहे. ते आजवर एकाही पाहुण्याला पहिल्या खेपेला लिहिता आले नाही, असे त्या म्हणाल्या. मला आले.

तरी एक अडचण उरलीच. सिग्नलची एकच काडी दिसायची आणि तीही मधूनच नाहीशी व्हायची. कपाट मध्ये येत होते. टेबल बाबांनी एकसंध लाकडाचे केलेले, ते आई आणि मला मिळून तसूभरही हलवता आले नाही. रात्री जेवताना मी हे आईला सांगितले. बाबा पानावरच होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून परत आले, तेव्हा जिन्याकडच्या भिंतीला एक नवी फळी बसवलेली होती. नको तेव्हा मिटून भिंतीला लावता येते. लॅपटॉप घसरू नये म्हणून पुढच्या कडेला बारीक पट्टी आहे. आणि काका, फळीला भोके पाडलेली आहेत. लॅपटॉप ठेवला की ती बरोबर त्याच्या पोटाच्या फटींखाली येतात, म्हणजे गरम हवा कोंडून राहू नये. त्या दिवशी बाबा बोट फिरवून काय पाहत होते, ते मला तेव्हा कळले. ते तुमचे नाव शोधत नव्हते. ते माप घेत होते.

मी खाली जाऊन कारखान्याच्या दारातून त्यांचे आभार मानले. करवत चालू होती. त्यांना ऐकू आले की नाही, सांगता येत नाही. आता सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसतात, आणि संपादकबाईंना मी होकार कळवला आहे.

फळीवर बसून पहिली ई-मेल मी ड्रायव्हर लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसांना लिहिली. इंग्रजीत चार वाक्ये, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुमच्यामुळे मला काम मिळाले, एवढाच मजकूर. पाठवायचे बटण दाबायला मला दुसऱ्या आज्ञेपेक्षा जास्त धीर लागला.

आता जे लिहिते त्याबद्दल लहान तोंडी मोठा घास झाल्यास क्षमा असावी. तुमच्या प्रणालीचा दंडक मी बाबांना लावून पाहिला. बिघडले तरच ते बोलतात. फळी तिरकी लागली, सरस कमी पडला, माझा चष्मा नाकावरून घसरला, की बोलतात. तुमच्याबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकही तक्रार ऐकलेली नाही. तुमचा रंधा कुणी वापरत नाही, तरी आपल्या रंध्याबरोबर ते त्याच्याही पात्याला धार लावतात. मागच्या वर्षी दुकानाच्या पाटीला नवा रंग दिला. रंगाऱ्याने विचारले, 'आणि बंधू' ठेवायचे का? बाबांनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने मुकाट्याने ब्रश बुडवला. जुनी गिऱ्हाइके विचारतात, धाकटे कुठे असतात? बाबा म्हणतात, 'कामाला गेलाय.'

कामाला गेलेल्या माणसाबद्दल असे बोलतात, काका. सोडून गेलेल्याबद्दल नव्हे.

तुमची ऋणी पुतणी


५ मार्च

पोरी,

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतोय. फळीला भोकं पाडली म्हणतेस. नेमकी जागेवर. दादाच तो.

पाटीवर अजून आहे? नव्या रंगात?

तू म्हणतेस ते खरं असेल. तुझ्या नजरेतून चुका सुटत नाहीत, हे संपादकबाईंनीही मानलंय. पण गप्प राहणं म्हणजे 'ये' असं धरून चालणं यंत्रापुरतं ठीक आहे, बाई. यंत्राच्या बाबतीत चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. दारात जाऊन उभा राहिलो आणि त्यानं पाठ फिरवली, तर मला तिथून परत फिरायची आज्ञा ठाऊक नाही. माणसाला एक तरी शब्द लागतो. शिवी चालेल.

तू मात्र त्याला काही विचारू नकोस. माझ्यापायी तुझ्यावर उखडायला नको.

काम कसं चाललंय ते लिही.

काका


११ मार्च

तीर्थरूप काकांस,

सविनय नमस्कार.

काम उत्तम चालले आहे. सकाळी फळी उघडते, दिवा लागतो, पाने येतात. दुपारच्या आत ती परत जातात. संपादकबाईंनी पहिल्या आठवड्यात माझ्या कामाबद्दल एक अक्षरही कळवले नाही. आता मला त्याची चिंता वाटत नाही. काल दुसरे पुस्तक पाठवले.

ड्रायव्हरवाल्यांपैकी एकाचे उत्तर आले. त्याने लिहिले आहे, की चालत नाही असे सांगणारी पत्रे रोज येतात, चालले असे सांगणारे क्वचितच येते. माझे पत्र त्याने आपल्या आईला वाचून दाखवले. उत्तर न देणाऱ्यांवर त्याचा राग मात्र दिसला नाही. त्यांच्याकडे चालत असणार, असे तो धरून चालतो.

आता मुख्य गोष्ट. मी तुमची आज्ञा मोडली. मी बाबांना विचारले.

तुम्हाला माहीत आहे, मी वर्गातही कधी हात वर करून प्रश्न विचारला नाही. दुपारी खाली गेले. बाबा खिडकीची चौकट घासत होते आणि आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली होती. मी करवतीच्या यंत्राजवळ उभी राहिले, आणि जे पाठ करून गेले होते ते सगळे विसरले. शेवटी नुसतेच म्हणाले, 'बाबा, मागच्या वर्षी काकांची चिठ्ठी आली होती का?'

'आली होती,' ते म्हणाले. हात थांबला नाही.

'मग उत्तर का नाही दिलंत?'

आता हात थांबला. त्यांनी पॉलिशपेपर झटकला, चौकटीवर फुंकर मारली. मला वाटले, आता माझे काही खरे नाही.

'येऊ का, म्हणून विचारतो,' ते म्हणाले. 'स्वतःच्या घरी यायला परवानगी मागतो. याला काय उत्तर देतात? तूच सांग, शिकलेली आहेस.'

 आई पदराने डोळे टिपत होती आणि आपण भुसा गेल्याने ते करतो आहोत असे दाखवत होती. बाबा पुन्हा घासू लागले. मी निघाले. जिन्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

'त्या मशीनचं डावं बिजागर ढिलं आहे. उघडताना कुरकुरतं. ऐकलंस का तू?'

मी होय म्हणाले.

'असं ढिलं बिजागर बसवून पाठवतात का कुणी? त्याला लिही. म्हणावं, येऊन नीट बसवून जा.'

आई म्हणाली, 'अहो, जन्म गेला तुमचा बिजागरं बसवण्यात. तुम्हीच का नाही बसवत?'

'मशीन त्याचं आहे,' बाबा म्हणाले, 'मी कशाला हात लावू?'

काका, तुम्ही म्हणाला होतात, शिवी चालेल. शिवी मिळाली नाही. तक्रार मिळाली आहे, आणि बाबांच्या तोंडची तक्रार म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

ही बातमी ई-मेलनेही पाठवता आली असती. पण बाबांनीच मघाशी विचारले, पत्र लिहून झाले का, मी त्या बाजूला चाललो आहे, पेटीत टाकतो. म्हणून हे त्यांच्या हातचे टपाल आहे.

येताना तुमचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणू नका. आपल्याकडे आहे. करडा स्वेटर आईने दोन्ही कोपरांवर पुन्हा विणून ठेवला आहे, तोही इथेच मिळेल.

या पत्राला उत्तर पाठवायची गरज नाही. काही आले नाही, तर तुम्ही निघालात असे मी समजेन.

तुमची पुतणी